महाडच्या दोन खुर्च्या

उमरठला माणसं येतात ती तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीसाठी. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडावर पडलेल्या त्या वीराचं हे गाव. शाळांच्या सहली येतात, तरुणांची मंडळं येतात, समाधीला हार घालतात आणि ऊन कललं की गाड्या पोलादपूरकडे परत वळतात. येता-जाता दोन्ही अंगांना डोंगरउतारावर भाताची खाचरं दिसत असतात. त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही. मला या प्रकरणात त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

एखादं खाचर जवळ जाऊन बघावं. कधी कधी ते इतकं अरुंद असतं की बैलजोडी दहा-बारा पावलं चालली की वळवावी लागते. खालच्या अंगाला दगडांचा बांध असतो. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. एक दगड दुसऱ्याच्या अंगावर टेकवून रचलेला. आषाढात वरून लोंढा आला की बांध फुटतो आणि माती खालच्या खाचरात जाते. पाऊस उघडला की घरातली माणसं तीच माती पाटीत भरून डोक्यावरून पुन्हा वर आणतात. डोंगराला मुळात खाचर नव्हतं, ते माणसाने केलं. मग ते कोणाचं?

गावात विचारलं तर उत्तर चटकन मिळतं: आज्याच्या आधीपासून आम्हीच करतोय. कागदाला विचारलं तर तो एवढ्या चटकन बोलत नाही. या खोऱ्यातल्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात लग्नपत्रिका, रेशनकार्ड, गिरणीतला हजेरीचा पास आणि तळाशी घडी मोडून फाटायला आलेला सातबारा. सातबारा म्हणजे गावचे दोन नमुने एका कागदावर: नमुना ७ हा हक्काचा, नमुना १२ हा पिकाचा. सातमध्ये मालकाचं नाव, शेजारी कुळाचा रकाना आणि 'इतर हक्क'. बारामध्ये भात किती, नाचणी किती, वरी किती. माणसाचं सगळं आयुष्य बाराच्या बाजूला जातं आणि भांडण मात्र सातच्या बाजूला होतं.

हे भांडण तुटायचं कुठे? पूर्वी पोलादपूरच्या माणसाला त्यासाठी महाड गाठावं लागे. महाडला दोन खुर्च्या होत्या. एक मामलेदाराची, तो सरकारचा माणूस. शेतसारा वसूल करणं हे त्याचं पहिलं काम, आणि वसूल करता करता तंटेही तोच मिटवायचा. दुसरी मुन्सफाची, म्हणजे दिवाणी न्यायाधीशाची. त्याला वसुलीचं काम नव्हतं आणि त्याच्या निकालावर वरचा हात कलेक्टरचा नसून वरच्या न्यायालयाचा होता. गरिबाची जमीन राहते की जाते, हे कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा त्याचा दावा कोणत्या खुर्चीपुढे जातो आणि त्या खुर्चीवरचा माणूस कोणाला घाबरतो, यावर जास्त ठरतं. हे मला महाडच्याच इतिहासातून दाखवता येईल असं वाटतं.

आधी खोती समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय कोकणातली जमीन कळत नाही. देशावर रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरी. रत्नागिरीत आणि कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, बऱ्याच गावांत मध्ये खोत बसलेला होता. गावाचा ठरलेला सारा खोताने सरकारात भरायचा आणि कुळांकडून स्वतःचा हिस्सा उगवायचा. या दोन रकमांमधला फरक म्हणजे खोताचा फायदा. हा हक्क वंशपरंपरेने चाले. मुळात वसुलीचा मक्ता होता. दोनचार पिढ्यांनी त्याला मालकीचं रूप आलं.

वसुली कशी व्हायची? पीक उभं असतानाच खोताचा माणूस बांधावर येऊन उभा राही आणि नजरेने अंदाज बांधी, की या खाचरात एवढे मण भात होईल. याला अभावणी म्हणत. त्या अंदाजावर अर्धेल, म्हणजे निम्मं पीक, खोताचं. हलक्या वरकस जमिनीत तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. अंदाज चढा लागला आणि नंतर पावसाने भात लोळवलं, तरी आकडा तोच राही. शिवाय वेठ असे: ठरावीक दिवस खोताच्या शेतात नांगर घेऊन फुकट जायचं. कुळाकडे पावती नसे. पावती नसली की कोर्टात तो कितव्या पिढीपासून कसतोय हे सिद्ध करणं जवळपास अशक्य, आणि खोताच्या मनात आलं की जमीन काढून दुसऱ्याला दिली जाई. खोतीची घडी बसवण्यासाठी १८८० साली खोती सेटलमेंट कायदा झाला. त्याने जुन्या वहिवाटीच्या कुळांना संरक्षण दिलं, पण ते कोणाला? ज्याची वहिवाट १८४५-४६ पासून अखंड दाखवता येईल त्याला. ज्याला अक्षर येत नाही त्याने पस्तीस वर्षांपूर्वीचा पुरावा आणायचा होता.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. न्यायाधीश कितीही स्वतंत्र असला तरी त्याच्यापुढे जो पुरावा येतो तेवढंच त्याला दिसतं. कागद खोताच्या घरात आणि नांगर कुळाच्या खांद्यावर, अशा समाजात नुसत्या स्वतंत्र कोर्टाने कुळाचं भलं होत नाही. आधी कायदा बदलावा लागतो. पण कायदा बदलून कोर्ट मोडलं तर काय होतं, तेही पुढे पाहू.

आता महाडचं तळं. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्या सत्याग्रहाचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ कोर्टात चालला हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस हे त्यामागचं मोठं बळ. ठराव झाला, पण पाण्याला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतून हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या मंडपात माणसांना मारझोड झाली आणि तळ्याचं शुद्धीकरण झालं. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरवून सत्याग्रह करण्याचं जाहीर केलं.

तेव्हा महाडच्या काही सवर्ण मंडळींनी काठी बाजूला ठेवली आणि दिवाणी दावा लावला. त्यांचं म्हणणं जमिनीच्या हक्काच्या भाषेत होतं. तळं सार्वजनिक नाही, खासगी आहे. आणि अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचं नाही ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे. खोत कुळाला जे सांगे, की जमीन माझी आणि रीत जुनी, तेच इथे पाण्याच्या बाबतीत सांगितलं गेलं. १४ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

परिषद दहा-बारा दिवसांवर आली होती. महाडात परिषदेला जागा द्यायला कोणी हिंदू तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली आणि तिथे मंडप उभा राहिला. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचं दहन झालं. हजारो माणसं तळ्यावर जायच्या तयारीने आली होती, पण मनाई हुकूम हातात पडला होता. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि सत्याग्रह तहकूब केला. जमावाला थोपवणं सोपं नसतं, आणि ज्याच्या बाजूने न्याय आहे त्या जमावाला तर मुळीच नाही. कोर्टात आपलं म्हणणं ऐकलं जाईल, हा भरवसा त्या निर्णयामागे होता. गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांच्या विरुद्ध गावातल्याच मुन्सफाकडून न्याय मिळेल, असा तो भरवसा होता. मला ही घटना पाणी पिण्याइतकीच मोठी वाटते.

फेब्रुवारी १९२८ मध्ये दोन्ही बाजू ऐकून कोर्टाने मनाई हुकूम उठवला. मूळ दाव्याचा निकाल जून १९३१ मध्ये लागला आणि तो फिर्यादींच्या विरुद्ध गेला. ज्या गावात न्यायाधीशाला रोज वावरायचं, किराणा घ्यायचा, सणावाराला चार माणसांत बसायचं, त्या गावात हा निकाल दिला गेला. फिर्यादी अपिलात ठाण्याला गेले. १९३३ मध्ये तिथेही हरले. मग उच्च न्यायालय.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळलं. निकालपत्रात भावनेला जागा नाही. तळं किती एकरांचं, त्याला पाणी कुठून येतं, भोवती रस्ता कोणाचा, घरं कोणाची, काठावरचे तुकडे कोणाच्या ताब्यात, असा एकेक दगड उलटून पाहिला आहे. तळं नगरपालिकेचं ठरलं. उरली वहिवाट. अस्पृश्य पूर्वी इथे पाणी भरत नव्हते हे खरं धरलं, तरी एवढ्यावरून अनादी काळापासून कायद्याने बांधील अशी वहिवाट सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सत्याग्रहाच्या दिवसाला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.

हे ब्रूमफील्ड कोण? १९२२ साली अहमदाबादला महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ते हेच. त्या वेळी ते तिथे जिल्हा न्यायाधीश होते. शिक्षा देताना त्यांनी आरोपीचा मान राखला, सरकारने ती कमी केली तर आपल्याला आनंदच होईल असंही बोलून दाखवलं, आणि शिक्षा दिली. बारडोलीत शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला गेला. १९२८ मध्ये शेतकऱ्यांनी सारा भरायचं नाकारलं, तेव्हा सरकारने जमिनी जप्त केल्या आणि काही विकल्याही. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा मिटवताना चौकशी समिती नेमावी लागली. तिच्यात न्यायखात्याचे ब्रूमफील्ड होते आणि महसूलखात्याचे मॅक्सवेल. त्यांनी गावोगाव हिंडून हिशेब तपासले आणि वाढ साधारण सहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं सांगितलं. मग १९३७ साली महाडचं तळं त्यांच्यासमोर आलं.

एकच माणूस या तिन्ही ठिकाणी भेटतो म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. तो साम्राज्याचा नोकर होता, दयाळू म्हणून त्याची ख्याती नव्हती. राजद्रोहाचा कायदा समोर होता आणि आरोपीने गुन्हा कबूल केला होता, तेव्हा त्याने शिक्षा दिली. बारडोलीत आकडे सरकारच्या विरुद्ध गेले, तेव्हा त्याने सरकारच्या विरुद्ध लिहिलं. महाडात वहिवाट सिद्ध झाली नाही, तेव्हा त्याने तसं सांगितलं. न्यायाधीशाचं स्वातंत्र्य म्हणजे एवढंच: समोर आलेल्या पुराव्याने निकाल बदलू शकतो, वरून आलेल्या निरोपाने बदलत नाही.

तळ्याचा निकाल लागून बरोबर सहा महिने झाले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. अलिबाग तालुक्यात चरी गावाने १९३३ पासून संप धरला होता. नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभं राहून कुळांनी खोताची जमीन पेरायचीच नाही असं ठरवलं. पोटाला चिमटा काढून त्यांनी जमीन पडीक ठेवली. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोठा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. १९३९ च्या कुळ कायद्याने 'संरक्षित कूळ' हा शब्द आणला, १९४८ ला मोठा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, आणि १९५० मध्ये खोती कायद्याने संपली.

ती कायद्याने संपली, पण गावातून जायला वेळ लागला. पुण्याच्या गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याची अंमलबजावणी तपासली. १९५७ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. कायदा असूनही जमिनी कुळांकडून काढून घेण्याचं आणि कुळं बदलण्याचं काम सर्रास चालू होतं, असं त्यांना दिसलं. पद्धत साधी होती. कुळाकडून राजीनामा घ्यायचा: मी ही जमीन राजीखुशीने सोडत आहे. खाली अंगठा. मुंबईला गिरणीत गेलेल्या मुलाला हे शिमग्याला गावी आल्यावर कळायचं. दार फोडून कोणी बाहेर काढलं नाही, पोलीस आले नाहीत, कुठे बातमी नाही. आपल्याकडची बरीच हकालपट्टी अशी आवाज न करता झाली आहे, म्हणून तिचा आकडा कधी नीट लागत नाही.

कायद्यात यावर उपाय होता. राजीनामा लेखी हवा आणि मामलेदाराने खात्री करून घ्यायला हवी, की कुळाला परिणाम कळलेत आणि त्याच्यावर दाब नाही. ही खात्री पुष्कळदा शिक्क्यापुरतीच व्हायची. १९७५ मध्ये महाराष्ट्रातलंच असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ही खात्री करणं सक्तीचं आहे, ती कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच झाली पाहिजे, नाहीतर राजीनामा राजीनामाच नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. मामलेदाराच्या खुर्चीत जे राहून गेलं ते दिल्लीच्या खुर्चीने बघितलं. पण तेवढ्या लांब किती कुळं पोचली असतील?

१ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. किंमत ठरवायला '३२ ग'ची चौकशी, पैसे भरल्यावर '३२ म'चं प्रमाणपत्र. ही कलमं कोकणातल्या म्हाताऱ्यांना आजही तोंडपाठ असतात. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५८ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. पण '३२ ग'च्या नोटिशीला जे कूळ हजर राहिलं नाही त्याची खरेदी निष्फळ ठरे. नोटीस गावच्या घरात आणि माणूस परळ-लालबागच्या खोलीत. घरात असलेल्या बाईला ती कोणी वाचून दाखवली नाही तर तारीख निघून जाई. असं इतक्यांच्या बाबतीत झालं की सरकारला पुढे कायद्यात दुरुस्ती करून पुन्हा संधी द्यावी लागली.

आता दिल्लीत काय चाललं होतं ते थोडक्यात. जमीनदार कोर्टात जाऊन सुधारणेचे कायदे अडवत होते, म्हणून १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नववं परिशिष्ट आणलं. त्यात घातलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या नावाखाली आव्हान देता येणार नव्हतं. पहिल्या तेरा कायद्यांत मुंबईचा कुळ कायदाही होता आणि खोती निर्मूलनाचा कायदाही. उमरठच्या कुळाच्या दृष्टीने मला ते योग्य वाटतं. नाहीतर खोतांनी आणखी वीस वर्षं तारखांवर काढली असती. पण परिशिष्ट तेरावर थांबलं नाही. ते २८४ कायद्यांपर्यंत वाढलं आणि त्यात जमिनीशी संबंध नसलेलेही कायदे शिरले. २४ एप्रिल १९७३ ला, घटनेची मूळ चौकट संसदेला बदलता येत नाही, असा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, त्याच्या मुळाशीही केरळचा जमीन सुधारणा कायदाच होता. लगेच शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने आपल्या पसंतीचा सरन्यायाधीश नेमला. तिघांनी राजीनामे दिले. चार वर्षांनी, आणीबाणीत विरोधी निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती खन्नांनाही तसंच डावलण्यात आलं. नवव्या परिशिष्टातले कायदेही घटनेच्या मूळ चौकटीवर तपासता येतील, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००७ रोजी स्पष्ट केलं.

जमिनीसाठी कोर्ट मोडलं की काय होतं, याचं उदाहरण झिम्बाब्वे. तिथली सुपीक जमीन मूठभर गोऱ्या शेतकऱ्यांकडे होती आणि ती काळ्या शेतकऱ्यांकडे यावी ही मागणी न्याय्यच होती. २००० साली शेतांवर जबरदस्तीने ताबे घेणं सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. नोव्हेंबरमध्ये जमाव थेट न्यायालयाच्या इमारतीत घुसला. सरन्यायाधीश अँथनी गब्बे यांच्या सुरक्षेची हमी सरकार देईना. २००१ मध्ये त्यांना मुदतीआधी पायउतार व्हावं लागलं. पुष्कळांना वाटलं, हे गोऱ्यांचं कोर्ट होतं, गेलं ते बरं झालं. २००५ मध्ये त्याच सरकारने शहरांतल्या गरीब वस्त्यांवर बुलडोझर घातले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे सात लाख माणसांचं घर किंवा रोजगार किंवा दोन्ही गेलं. ही माणसं काळी होती, गरीब होती, आणि दाद मागायला जावं असं कोर्ट आता उरलं नव्हतं.

आपल्याकडे १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवून माणसांना त्यांच्या मूळ गावी पाठवून देण्याचा हुकूम निघाला. तो देणारे मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले रायगडचेच, सावित्रीकाठच्या आंबेत गावचे. कुलाब्याचं नाव रायगड त्यांनीच केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी कोर्टात गेले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या खंडपीठाने सांगितलं, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तत्त्व जिंकलं, झोपड्या मात्र पाऊस संपेपर्यंतच, ३१ ऑक्टोबरपर्यंत, वाचल्या. त्याच अंतुले यांच्यावर सिमेंटवाटपाच्या प्रकरणात १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी ठपका ठेवला आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सत्तेवर बसलेल्या माणसाविरुद्ध त्याच्याच राजधानीतला न्यायाधीश असा निकाल देऊ शकतो, हे त्या दिवशी महाराष्ट्राने बघितलं. आरोपी म्हणून कोणाचं घर पाडता येणार नाही, पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस हवी आणि सरकारी अधिकाऱ्याने न्यायाधीश होऊ नये, असं १३ नोव्हेंबर २०२४ ला न्यायमूर्ती भूषण गवई आणि विश्वनाथन यांनी लिहिलं, तेही याच वाटेने.

पण मला परत डोंगरात जायचं आहे, कारण तिथे अजून पहिलीच खुर्ची आहे.

फौजदारी अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडून काढून न्यायखात्याकडे देण्याचा कायदा मुंबई राज्याने १९५१ मध्ये केला. जमिनीच्या बाबतीत तेवढी फारकत झाली नाही. अमुक माणूस कूळ आहे की नाही, हा प्रश्न दिवाणी कोर्टाला ठरवता येत नाही. दाव्यात तो निघाला तर कोर्टाने तो तहसीलदाराकडे, म्हणजे आजच्या मामलेदाराकडे, पाठवायचा. त्याच्यावर अपील प्रांताकडे, मग महसूल न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आजही चालतो. हे मुद्दाम केलं गेलं, आणि हेतू चांगला होता: दिवाणी कोर्ट खर्चिक, वकिलांचं, कागदाला चिकटलेलं, मामलेदार गावात जाऊन बांध बघू शकतो. चांगला मामलेदार मिळाला तर हे खरंच होतं. असे अधिकारी झाले आहेत.

दळी जमिनींचंही तेच. रायगडच्या जंगलकडेला कातकरी, ठाकूर, धनगर पिढ्यान् पिढ्या दळी कसत आले. इंग्रजांच्या काळात वनखात्याने लावून दिलेले हे तुकडे. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, आणि जमिनीला भाव आला की मालकाला वाडी आठवते. उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलन गेली तीसहून अधिक वर्षं याच प्रश्नावर झगडत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा आधी ग्रामसभेत नेला, हे मोठं पाऊल. त्यानंतर तो प्रांताच्या समितीकडे जातो आणि शेवटी कलेक्टरच्या. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. देशभर हलकल्लोळ झाला आणि २८ फेब्रुवारीला न्यायालयाने स्वतःच त्याला स्थगिती दिली. मधले पंधरा दिवस अनेक वाड्यांवर कोणी नीट झोपलं नसेल.

तहसीलदार हा वाईट माणूस असतो असं मला म्हणायचं नाही. त्याची खुर्ची कशी आहे ते बघा. निवडणूक त्याची, पूर आला की पंचनामे त्याचे, रेशनची तक्रार त्याची, मंत्र्याचा दौरा त्याचा, रस्त्याला जमीन हवी तर मोजणीच्या वेळचा बंदोबस्त त्याचा. ज्या सरकारला जमीन हवी असते त्याच सरकारच्या हातात त्याची बदली असते. या सगळ्यातून उरलेल्या वेळात त्याने न्यायाधीश व्हायचं. एखाद्या धनिकाने डोंगरच्या डोंगर विकत घेतलेला असतो आणि त्यातल्या एका तुकड्यावर जुनं कूळ निघतं, तेव्हा त्या अधिकाऱ्याला फोन येऊ नये, आलाच तर त्याला नाही म्हणता यावं, याची काय तजवीज आहे? मुन्सफासाठी ती तजवीज आहे, अपुरी का असेना. त्याच्या बदलीचा कागद उच्च न्यायालयातून निघतो.

एका तहसील कचेरीत मी सुनावणीच्या दिवशी बसलो होतो. ओसरीवरच्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. रात्रीच्या एसटीने मुंबईहून आले होते. पिशवीतला सातबारा त्यांनी मला दाखवला. कुळाच्या रकान्यात त्यांच्या वडिलांचं नाव होतं, त्यावर आडवी रेघ, आणि शेजारी फेरफाराचा नंबर. ती रेघ कोणी मारली, कशावरून मारली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यासाठी पाचवी तारीख.

साडेबाराच्या सुमारास कारकून बाहेर आला. साहेब दौऱ्यावर गेलेत बाबा, आज काही होणार नाही. त्याने पुढच्या महिन्यातली तारीख कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिली. म्हाताऱ्यांनी ती सातबाऱ्याच्या घडीत ठेवली आणि पिशवीला गाठ मारली. आता परत मुंबईला का, असं मी विचारलं. नाही, ते म्हणाले, आलोच आहे तर दोन दिवस वाडीवर जातो. वरच्या खाचराचा बांध गेलाय, पावसाच्या आधी लावून घेतो.